परसात फळझाड लावावे की नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्याच्या बैठकीत एक सूचना आली, ती आपण सर्वांनी ऐकलीच आहे. येत्या संक्रांतीला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी हापूसचे कलम वाण म्हणून लुटावे, म्हणजे घरोघरी आंबा होईल, अशी ती सूचना. टाळ्याही झाल्या. मी त्या दिवशी गप्प बसले, म्हणून चिटणीसबाईंनी आज मला उभे केले आहे. माझ्या परसात चार फळझाडे आहेत, एवढाच माझा अधिकार. डब्यांपेक्षा झाड केव्हाही चांगले, याबद्दल वाद नाही. पण घरोघरी आंबा ही कल्पना मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगावयास मी उभी आहे.

आपल्या सांगलीच्या या वसाहतीत घरामागे जागा ती केवढी? कुणाची पंधरा फूट बाय वीस, कुणाची त्याहूनही कमी. त्यात धुण्याचा दगड, कपड्यांच्या तारा, पाण्याची टाकी आणि एका कोपऱ्यात संडासाच्या टाकीचे झाकण. बागाईतदार आंब्याची कलमे पूर्वापार दहा-दहा मीटरांवर लावीत आले. म्हणजे एका झाडाला तेहतीस फूट! पहिली चार-पाच वर्षे काही कळत नाही. रोप गोजिरवाणे दिसते. मग एक दिवस फांद्या शेजारच्या गच्चीवर जातात, पानांनी त्यांची पन्हाळ तुंबते, आणि इतकी वर्षे वाटीने साखर देणारी शेजारीण बोलेनाशी होते. बरे, झाड नकोसे झाले तर तोडून टाकू म्हणाल, तर तेही आपल्या हाती नाही. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. आपल्याच अंगणातले झाड असले तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. कायदा योग्यच आहे. पण म्हणूनच विचार लावण्याच्या आधी करावयाचा.

त्यातून हापूस! तो कोकणच्या जांभ्या जमिनीवर आणि खाऱ्या वाऱ्यावर वाढलेला. आपल्या काळ्या, चिकण मातीत तो जगेल, पण ती गोडी येईलच असे नाही. शिवाय एक वर्ष भरभरून धरतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो. ज्यांना आंबाच हवा आणि जागा बेताची आहे, त्यांनी आम्रपाली पाहावा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून ही जात काढली. झाड ठेंगणे राहते आणि दरवर्षी फळ धरते. नावाला हापूसची ऐट नाही, एवढेच.

आता उन्हाचे पाहू. फळझाडाला दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. पण ऊन तर आपल्यालाही हवे! पापड, कुरडया, सांडगे, वर्षाची मिरची हे सगळे त्याच तुकड्यावर वाळते. फाल्गुन-चैत्रात मी पाट टाकून बसते, तेव्हा मला परसातला हातभर उन्हाचा तुकडासुद्धा मोलाचा वाटतो. म्हणून झाडाची जागा नर्सरीवाल्याला विचारून ठरत नाही, वर्षभर सावली पाहून ठरते. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. शाळेतली मुले शून्य सावलीचा दिवस पाहतात, तोच. तेव्हा झाडाची दुपारची सावली त्याच्या बुंध्याशीच पडते. थंडीत मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावली उत्तरेला लांब पसरते. म्हणजे घराच्या दक्षिणेला दाट झाड लावाल, तर मार्गशीर्षात स्वयंपाकघर अंधारेल आणि सासूबाईंची उन्हात बसण्याची जागा जाईल. तेच झाड पश्चिमेला, भिंतीपासून आठ-दहा फूट सोडून असले, तर वैशाखातल्या संध्याकाळी तीच भिंत तापत नाही.

लहान परसाला माझ्या मते पहिला मान लिंबाचा. कागदी लिंबाचे बी लावले तरी रोप बहुतेक आईच्याच गुणाचे निघते. आंब्याच्या कोयीसारखा जुगार त्यात नाही. तीन-चार वर्षांत फळ येते, आणि ऐन उन्हाळ्यात मंडईत लिंबाचा भाव ऐकून आपण पिशवी मिटतो, तेव्हा घरच्या झाडाची किंमत कळते. काटे असतात, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर लावू नये. कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते. ती पुढे हिरवी होते आणि तिचे सुंदर फुलपाखरू होते. लहान रोपावरची अळी मी हाताने उचलते. मोठ्या झाडावरची राहू देते, आमच्या नातवाला फुलपाखरू हवे असते.

दुसरा पेरू. दोन-तीन वर्षांत फळ, आणि छाटणी सोसतो, म्हणून हवा तेवढाच ठेवता येतो. सरदार नावाचा जो पेरू सर्वत्र मिळतो, तो १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळबागेत निवडून काढलेला आहे. म्हणजे आपल्याच घरचा म्हणा ना! त्याची एक गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते. पावसाळ्यात पिकणारा पेरू पाणचट आणि फळमाशीच्या अळ्यांनी भरलेला निघतो. गोड फळ थंडीचे. तेव्हा मोठ्या झाडाचे पाणी उन्हाळ्यात तोडावे. उन्हाळी फूल धरत नाही, पावसाच्या पाण्यावर जे फूल येते त्याची फळे थंडीत मिळतात. पाणी वाचले आणि फळही बरे मिळाले.

पपई वर्षाच्या आत फळ देते म्हणून सर्वांना आवडते, पण पुष्कळशा जातींत नर झाड वेगळे असते आणि फूल येईपर्यंत ते ओळखत नाही. एका जागी तीन रोपे लावून नको ती मागाहून काढावी. तिच्या बुडाशी पाणी मात्र साचता कामा नये. २०१९ च्या महापुरानंतर सखल गल्ल्यांतून मी हिंडले, तेव्हा नारळ उभे होते आणि पपया सगळ्या माना टाकून बसल्या होत्या. जिथे पाणी तुंबते तिथे मातीचा वरंबा करून त्यावरच लावा.

केळ मोरीच्या पाण्यावर वाढते, एका खोडाला एकच घड, बाकी काम मुनवे करतात. सीताफळाला पाणी थोडे लागते आणि शेळी तोंड लावीत नाही. चिकू पुढे फार पसरतो.

हे सगळे झाले झाडांचे. खरा प्रश्न पुढेच आहे. झाड लावताना सगळे घर गोळा होते, फोटो निघतात. पण चैत्र-वैशाखात एक दिवसाआड कळशी घेऊन कोण जाणार? मी पाहिले आहे, तिथे एकटी घरची बाईच असते, आणि झाड वाळले की बोलही तिलाच. म्हणून ज्या घरी नळाला दोन दिवसांनी पाणी येते, जिची नोकरी आहे, जिच्या घरी अंथरुणावरचे माणूस आहे, तिने ‘मला झाड नको’ असे मोकळेपणाने म्हणावे आणि मंडळाने तिला नावे ठेवू नयेत. कुंडीतला कढीपत्ता तिच्या घरी पुरे. जिला लावावयाचे असेल तिने पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे, सोमवार-मंगळवार मुलाचे, बुधवार यजमानांचे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडाला चालते. बुडाशी मातीचे मडके पुरून भरून ठेवले तर ते पाझरत राहते आणि दोन-तीन दिवसांचा खोळंबा निभतो.

आता माझी सूचना. संक्रांतीला रोप वाटणे म्हणजे त्याला लगेच उन्हाळ्याच्या तोंडी देणे. त्यापेक्षा संक्रांतीला वाण म्हणून एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर प्रत्येकीने आपल्या परसाचे माप, ऊन किती तास, पाणी कुठून आणि घालणार कोण, एवढे लिहून मार्चपर्यंत चिटणीसबाईंकडे द्यावे. हो म्हणणाऱ्यांनी एप्रिल-मे मध्ये दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. आम्रपालीला तीन फुटांचा घ्यावा. मृग लागण्यापूर्वी शेणखत, पालापाचोळा आणि वरची माती घालून भरावा. रोपे मंडळाने आषाढात, चांगला पाऊस झाल्यावर, ज्या घरी जे शोभेल ते पाहून द्यावीत. कलम लावताना त्याचा सांधा मातीच्या वर राहील असे पाहा, आणि सांध्याखाली फुटवा दिसला की लगेच मोडून टाका. नाहीतर वरचे कलम मरते आणि खालचे रायवळ तेवढे वाढते. ज्यांना खड्डा खणण्यास माणूस हवा आहे त्यांनी आजच नावे द्यावीत, सगळ्यांसाठी मिळून एकाच दिवशी गडी बोलावता येईल.