कार्डाच्या पाठीमागे

कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. मी नीतिकथांची चित्रं असलेली जुनी कार्डं जमवतो. परभणीत राहून हा उद्योग कसा जमतो, असं लोक विचारतात. गावोगावचे रद्दीवाले आणि वर्षातून एखादी मुंबईच्या चोरबाजाराची फेरी, एवढंच माझं भांडवल.

चोरबाजारातच मला एका फ्रेंच चॉकलेट कंपनीचं कार्ड मिळालं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात मालाच्या जाहिरातीसाठी अशी रंगीत कार्डं गिऱ्हाइकांना फुकट देत. मांसाचा अर्क विकणाऱ्या लीबिग कंपनीचे तर बहुधा सहा-सहा कार्डांचे संच असत. माझ्या कार्डावर दोन बदकं काठी घेऊन उडताहेत आणि काठी तोंडात धरून कासव लोंबकळतंय. खाली ला फाँतेनचं नाव. म्हटलं, अरे, हा तर आपला कंबुग्रीव! पंचतंत्रातल्या हंसांची तिकडं बदकं झाली, इतकंच. सहाव्या शतकात पंचतंत्र पहलवीत गेलं, आठव्यात अरबीत, आणि फिरत फिरत फ्रान्सला पोचलं. १६७८ सालच्या संग्रहात ला फाँतेननं 'पिल्पे' नावाच्या भारतीय ज्ञानी पुरुषाचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं आहे. आपल्या टपाल खात्यानं २००१ साली पंचतंत्रावर तिकिटं काढली, त्यांतही हे कासव आहेच. ती मी कार्डाशेजारी ठेवली आहेत.

जुनं कार्ड ओळखायला भिंग लागतं. शिळाछापाचे ठिपके हातानं दिलेले, वेडेवाकडे. नंतरच्या छपाईतले कवायतीसारखे रांगेत. पोस्टकार्ड असेल तर पाठ बघावी. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत चित्रकार्डाच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मधली उभी रेघ त्यानंतरची.

पाठीची खरी किंमत मात्र मला उशिरा कळली. सिंह आणि ससा विहिरीत डोकावताहेत, असं एक कार्ड आमच्या घरी होतं. थोरल्या काकांनी मुंबईला नोकरीला लागल्यावर मानवतला धाडलेलं. माझ्या संग्रहाची सुरुवातच त्यानं झाली. तेव्हा अक्कल नव्हती. डिंक फासून मी ते वहीत चिकटवून टाकलं.

काका गेल्यावर आत्या आली होती. वही चाळता चाळता त्या पानावर थांबली. म्हणाली, "मागं दादानं काय लिहिलंय रे?"

मला सांगता येईना. ओल्या कापसानं कार्ड सोडवायला बसलो. दौतीची शाई ती, पसरली. 'ती. बाबांस सा. न.' एवढं वाचता आलं, आणि खाली एक शब्द, 'दिवाळीला'. बाकी सगळा निळा डाग.

आत्या बराच वेळ बघत राहिली. "येतो म्हणून लिहिलं असेल," ती म्हणाली, "नाहीतर येत नाही म्हणून."

आता डिंकाला हात लावत नाही. कागदाचे कोपरे करून त्यांत कार्ड अडकवतो, म्हणजे काढून उलटून बघता येतं. ते निळं कार्ड आत्याला दिलं. तिनं देवघरात ठेवलं आहे, पाठ वर करून.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)