सांधणारा न्याय



परदेशात शिकून आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न पगाराचा विचारतात आणि दुसरा विषयाचा. पगाराचा प्रश्न आम्ही कसाबसा टाळतो. विषयाचा मात्र टाळता येत नाही. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे पदव्युत्तर अभ्यास करून परत आलो, तेव्हा आमच्या मामांनी तो विचारला. मामा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, की ज्याने गुन्हा केला तो आणि ज्याचे नुकसान झाले तो, यांना समोरासमोर बसवून झालेली हानी भरून काढण्याची एक पद्धत आहे, तिचा आम्ही अभ्यास केला. मामांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, "म्हणजे चोराची बाजू घ्यायला शिकायला एवढ्या लांब गेलास होय?"

आजचे हे व्याख्यान म्हणजे मामांना त्या दिवशी न सुचलेले उत्तर आहे. उत्तर पुरे पडते की नाही, हे आपणच ठरवावे.

या विषयाला पुस्तकी मराठीत 'पुनःस्थापक न्याय' म्हणतात. आम्ही त्याला साधेपणाने 'सांधणारा न्याय' म्हणतो. आपल्या परिचयाचे न्यायालय तीन प्रश्न विचारते: कोणता कायदा मोडला? कोणी मोडला? त्याला शिक्षा काय? हॉवर्ड झेर या अमेरिकन अभ्यासकाने १९९० साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या विचारसरणीत प्रश्नच बदलतात. कोणाला इजा झाली? त्याची आता गरज काय? आणि ती भागविण्याचे कर्तव्य कोणाचे? पहिल्या तीन प्रश्नांत ज्याचे घर फुटले तो माणूस कोठेच नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. तो फक्त साक्षीदार असतो. नॉर्वेचे नील्स क्रिस्टी यांनी तर १९७७ मध्ये असे मांडले, की भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि सरकार व वकीलमंडळी ती त्यांच्या हातून काढून घेतात. चोर एकदा वस्तू नेतो. मग व्यवस्था येते आणि उरलेली तक्रारही घेऊन जाते.

या पद्धतीच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ एका दारूच्या रात्रीत आहे. १९७४ साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील एल्मिरा या छोट्या गावी दोन तरुणांनी नशेत धुमाकूळ घातला. टायर फाडले, खिडक्या फोडल्या, एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. त्यांच्यावर देखरेखीचे काम ज्या अधिकाऱ्याकडे होते, त्याने व त्याच्या एका सहकाऱ्याने न्यायाधीशांना सुचविले, की या पोरांना त्या लोकांच्या दारी नेऊन उभे करावे. न्यायाधीश आधी कचरले, परंतु अखेरीस त्यांनी तसा हुकूम दिला. पोरे घरोघर गेली, लोकांच्या तोंडून नुकसान ऐकले आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई केली. दंड भरून मोकळे होण्यापेक्षा ती दारे ठोठावणे किती कठीण, याची कल्पना ज्याने लहानपणी शेजाऱ्याची काच फोडून आईच्या धाकाने त्याच्याकडे कबुली दिली असेल, त्याला येईल. त्या दोघांपैकी एक पुढे कित्येक वर्षांनी याच कामात स्वयंसेवक झाला.

न्यूझीलंडची कथा निराळी. तेथे माओरी लोकांनी अशी तक्रार मांडली, की आमची मुले सरकारी संस्थांत नेली जातात आणि निर्णय परके लोक घेतात. १९८०च्या दशकात 'पुआओ-ते-अता-तू' या अहवालाने हे सरकारला स्पष्ट शब्दांत ऐकविले. त्यानंतर १९८९ साली जो कायदा झाला, त्याने अल्पवयीन गुन्हेगारांसाठी कुटुंब-बैठकीची प्रथा घातली. मुलगा, त्याचे आप्त, पोलीस आणि इच्छा असल्यास ज्याचे नुकसान झाले तो, असे सारे एकत्र बसतात. घडले ते बोलून झाले, की अधिकारी बाहेर जातात आणि कुटुंबाला खाजगीत विचार करू देतात, आणि मग भरपाईची योजना सर्वांपुढे ठरते. माओरी भाषेत कुटुंबाला 'फानाऊ' म्हणतात. त्यात आईबापांपुरते घर नसून आजी, मावश्या, काका, चुलते सगळे आले. आम्हां मराठी माणसांना हा शब्द समजावून द्यावा लागला नाही.

पण येथे एक गोष्ट लपवू नये. न्यूझीलंडच्या लोकसंख्येत माओरी सुमारे सहावा हिस्सा आहेत आणि तुरुंगात मात्र निम्म्याहून अधिक. म्हणून काही माओरी विद्वान कठोरपणे विचारतात, की आमच्या प्रथांची प्रार्थना आणि चहापान तेवढे उचलले, अधिकार मात्र दिला का? हा प्रश्न वर्गात निघाला, की परदेशी विद्यार्थी वहीत मान खाली घालीत. त्यांत आम्हीही होतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रौढ गुन्हेगारांच्या बाबतीत तेथील व्यवस्था अशी. आरोपीने गुन्हा कबूल केला असेल व ज्याचे नुकसान झाले अशी व्यक्ती असेल, तर शिक्षा सुनावण्यापूर्वी जिल्हा न्यायालय खटला थोडा थांबवते आणि अशी बैठक योग्य होईल का, याची चौकशी करविते. २०१४ पासून हे बंधनकारक झाले. दोन्ही पक्ष राजी असतील तरच बैठक होते. तिचा वृत्तांत न्यायाधीशांकडे जातो, आणि शिक्षा न्यायाधीशच देतात. बैठक दोन तासांची, पण तिची तयारी कित्येक आठवड्यांची. समन्वयक दोन्हीकडे स्वतंत्रपणे जातात, ऐकतात, पुन्हा जातात.

अशाच एका प्रकरणात विद्यार्थी म्हणून आम्हांला सोबत नेण्यात आले. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. तिकडे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला 'डेअरी' म्हणतात, आणि अशी पुष्कळ दुकाने गुजराती कुटुंबे चालवितात. एका संध्याकाळी एकोणीस वर्षांचा मुलगा हातोडा घेऊन अशा एका दुकानात शिरला, काच फोडली, गल्ला आणि सिगारेटची पाकिटे घेऊन पळाला. गल्ल्यावर सत्तरीच्या बाई एकट्याच होत्या. त्यांना सगळे 'बा' म्हणत. इंग्रजी त्यांना येत होते, परंतु मनातले बोलायला त्यांना आपल्याकडचे कोणी हवे होते. म्हणून हिंदी बोलणारे आम्ही.

पहिल्याच भेटीत बांनी आम्हांला थेट विचारले, "बेटा, मी त्याला माफ करायलाच हवं का?" आमच्या डोक्यात ताजी वाचलेली पुस्तके होती. आम्ही म्हटले, "केलंत तर तुमचंच मन हलकं होईल, बा." बा काही बोलल्या नाहीत. त्यांनी आमच्यापुढची चहाची कपबशी उचलून आत नेली.

परतीच्या वाटेवर वरिष्ठ समन्वयक बाई बराच वेळ गप्प होत्या. वेलिंग्टनचा तो प्रसिद्ध वारा गाडी हलवीत होता. मग त्या म्हणाल्या, "नुकसान तिचं झालं, आणि आता मनाचा मोठेपणाही तिनेच दाखवायचा? तू तिच्यावर आणखी एक काम लादून आलास." दुसऱ्या दिवशी बांचा निरोप आला, की मला बैठकीत यायचे नाही.

श्रोतेहो, परीक्षेत नापास होण्याची भीती आम्हांला ठाऊक होती. ही त्याहून निराळी होती. समन्वयक बाईंनी आम्हांला एवढेच सांगितले, की जा, आणि तुझ्याकडून जे बिघडले ते तू विचारून ये. ज्या शास्त्राचे आम्ही विद्यार्थी, त्याचा पहिला प्रयोग असा आमच्यावरच झाला. दुकानाची पायरी चढताना आम्हांला एल्मिराच्या त्या दोन पोरांची आठवण झाली. आम्ही चूक कबूल केली. बा म्हणाल्या, "देवळातही मला सगळे हेच सांगतात, माफ कर म्हणून. मला वाटलं होतं, तू तरी ऐकून घेशील." आम्ही विचारले, "आता मी काय करू?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मी येते. त्या दिवशी माझ्या शेजारी बस. आणि बोलू नकोस."

आम्ही बसलो आणि बोललो नाही.

एका साध्या सभागृहात गोलाकार खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये मेज नव्हते. मुलाबरोबर त्याची आजी आली होती. मुलाने घडले ते मान खाली घालून सांगितले. मग बांनी बोलायला सुरुवात केली. चोरीला गेलेल्या पैशांचा त्यांनी उल्लेखही केला नाही. पाच महिने आपण पलंगावर आडवे न होता खुर्चीत बसून झोपतो, संध्याकाळी पाचलाच दुकान बंद करतो, आणि दाराची घंटा वाजली की हात कापतात, एवढे सांगून त्यांनी एकच प्रश्न विचारला: "माझंच दुकान का? तू मला रोज पाहत होतास का?"

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही. तुमचा दिवा चालू दिसला. बाकीची दुकानं बंद होती."

"एवढंच?" बांनी विचारले. तो म्हणाला, "एवढंच."

पाच महिने ही बाई असे समजून चालली होती, की कोणी तरी आपल्यावर पाळत ठेवून आहे. ते भय कोणत्याही निकालपत्राने गेले नसते, कारण त्याचे उत्तर जगात फक्त एकाच माणसाजवळ होते, आणि तो पुढे तुरुंगात गेला असता तर ते उत्तरही त्याच्याबरोबर आत गेले असते. त्यानंतर मुलाची आजी बोलली. हातोडा तिच्याच घरातला होता. ती म्हणाली, की पोलिसांनी तो पुरावा म्हणून नेला, आणि तेव्हापासून मला शेजारणीकडे तोंड वर करून बघवत नाही. त्या वाक्याला मुलगा रडला. न्यायालयात तो रडला नव्हता, असे आम्हांला नंतर कळले. त्याने क्षमा मागितली. बा म्हणाल्या, "ऐकलं मी." माफ केले, असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि कोणी त्यांना तसे म्हणायला लावले नाही.

शेवट गोड करून सांगण्याचा मोह होतो, पण तो खरा होणार नाही. न्यायाधीशांनी मुलाला घरातच स्थानबद्ध राहण्याची शिक्षा दिली. आठवड्याला वीस डॉलर भरपाईचे ठरले; काही हप्ते आले, मग थांबले, तगादा लावल्यावर पुन्हा सुरू झाले. आम्ही परत येईपर्यंत रक्कम पुरी फिटलेली नव्हती. दुकान मात्र पुन्हा रात्री नऊपर्यंत उघडे राहू लागले होते.

एका प्रकरणावरून सिद्धान्त काढू नये, हे आम्हांलाही कळते. अशा समोरासमोरच्या बैठकांच्या दहा शास्त्रशुद्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण त्यात घटलेले दिसले, पण माफक. ज्यांचे नुकसान झाले त्यांचे समाधान मात्र नेहमीच्या पद्धतीपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. म्हणजे मामा ज्याला चोराची बाजू समजले, त्याचा मोठा लाभ चोराला नव्हे, बांना होतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आरोपी गुन्हा नाकारीत असेल तर ती चालत नाही. खरेखोटे ठरविणे हे न्यायालयाचेच काम. घरातल्या मारहाणीसारख्या गोष्टींत, जेथे एक जण दुसऱ्याच्या धाकात जगतो, तेथे ती फार जपून वापरावी लागते, नाही तर समेटाच्या नावाखाली धाकच पक्का होतो.

आणि हीच गोष्ट आपल्याकडे आधी ध्यानात घ्यावी लागते. कोणी म्हणतील, हे तर आमच्या पंचायतीत पूर्वापार होतेच. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, त्यांच्या आणि सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने त्याच दशकात तेथे लवाद न्यायालयही निघाले होते, हे खरे. २००७ पासून महाराष्ट्र शासनाने तंटामुक्त गाव मोहीम चालविली, हेही खरे. परंतु जातपंचायतही गोलच बसते, श्रोतेहो! तीही 'आपसात मिटवा' म्हणते, आणि दंड, बहिष्कार यांनी दुबळ्याला वाकविते. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून बैठक पाहिली की आम्ही आता तीन गोष्टी विचारतो. ज्याचे नुकसान झाले, तो 'नाही' म्हणून उठून जाऊ शकतो का? त्याच्या मागे कायदा उभा आहे का? आणि माफीची सक्ती तर होत नाही ना? तिन्हींची उत्तरे नीट आली तर तो सांधणारा न्याय. एकाचेही चुकले, तर तो दडपणारा न्याय.

बांची ही हकीकत मामांना सांगितली. ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं कोर्टात फिर्यादीला सगळं विचारलेलं ऐकलं. किती वाजले होते, उजेड होता का, आरोपीला ओळखता का. पण आता तुला झोप लागते का, हे कुणी विचारलेलं ऐकलं नाही." आणि लगेच सावरून म्हणाले, "तरी पण माझ्याकडे चोरी झाली, तर मी आधी पोलिसांतच जाईन हो!"

अवश्य जावे, मामा. आमचे काम त्यानंतर सुरू होते.

आपण एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. ऐकून घेणे किती कठीण असते, हे शिकायला आम्हांला समुद्र ओलांडावा लागला.