वैद्यकीय हयगय आणि नुकसानभरपाई



वैद्याच्या हयगयीने घरातील माणूस गेले, तरी आपण दैवाला बोल लावून स्वस्थ बसतो. ही वृत्ती आपण सोडावी, असे आम्हांस वाटते.

१९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचार चालू असता दगावला. भूल न देता जोराने हाड बसविल्याचा दोष सिद्ध झाला. त्याच्या आईवडिलांस मिळालेली ३,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये कायम केली. १९६३ साली तेव्हाच्या औरंगाबादेत सरकारी रुग्णालयात पोटात टॉवेल राहून एक माता गेली. तिच्या कुटुंबास न्याय मिळावयास १९९६ साल उजाडले.

भरपाई मुख्यत्वे तीन प्रकारची असते. औषधपाणी, प्रवास व बुडालेली मिळकत ही पहिली. पुढील शुश्रूषेचा खर्च व कर्त्या माणसाची भावी कमाई ही दुसरी. वेदना, व्यंग आणि सहवासाचा वियोग यांबद्दलची तिसरी.

१९९५ च्या निर्णयाने मोबदला घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे करावी. सर्वांवर विनामूल्य उपचार करणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयातच जावे लागते.

गुण आला नाही, एवढ्याने हयगय ठरत नाही, पुरावा लागतो. म्हणून केसपेपर मागून घ्यावेत. मागणीनंतर ७२ तासांत ते देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पैशाने गेलेले माणूस परत येत नाही. परंतु मागे राहिलेल्यांचा संसार सावरतो. आपण सूड नव्हे, न्याय मागावा, हीच आमची विनंती.