एका कागदावर दोन पानं



चंद्रपूर-गडचिरोलीत कागदाविषयी बोलायचं, तर बांबूपासूनच सुरुवात करायला हवी. बल्लारपूरची कागद गिरणी 1945 सालची. आपल्या जंगलातला किती बांबू तिथे लगदा होऊन कागद म्हणून बाहेर पडला असेल! पुढे 2009 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 पासून तिथली ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. पण हा हक्क मिळवायचा तोही कागदावरच. ग्रामसभेचा ठराव, हद्दीचा नकाशा, जाणत्या माणसांचे जबाब, निस्तारपत्रक म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद. दावा गावाच्या वनहक्क समितीकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. गावाजवळ एक संच हवा, कार्यकर्त्याजवळ एक. झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठा फुगत जातो, आणि प्रत्येक कागदाची मागची बाजू कोरीच राहते. मला ते बघवत नाही.

यावर उपाय बहुतेक प्रिंटरमध्ये असतो. छापण्याआधी उघडणाऱ्या चौकटीत ‘एका कागदावर किती पानं’ हा पर्याय शोधा आणि दोन निवडा. ए-फोर कागदाची लांबी-रुंदी अशी बेतलेली आहे की तो मधोमध दुमडला तरी अर्ध्या भागाचं प्रमाण तेच राहतं. त्यामुळे दोन पानं आडव्या कागदावर शेजारी शेजारी चपखल बसतात. अक्षर फक्त 71 टक्क्यांवर येतं. बारा पॉइंटचं साडेआठ होतं. सोबत बॅक-टू-बॅक घेतलं, तर चाळीस पानं दहा कागदांत मावतात. एवढं मात्र सांभाळा: कागद आडवा असताना ‘आखूड कडेवर पालटा’ हे निवडा, नाही तर मागची बाजू उलटी छापून येते.

ग्रामसभेत वाटायला पुस्तिका हवी असेल, तर पुस्तिकेचा पर्याय घ्या. आठ पानांना दोन कागद पुरतात. पहिल्या कागदावर एका बाजूला आठवं आणि पहिलं पान, मागे दुसरं आणि सातवं. दुसऱ्यावर सहावं आणि तिसरं, मागे चौथं आणि पाचवं. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी नऊ यायला हवी. कागद एकात एक घालून दुमडा, मधोमध पिन मारा. छापखान्यात सोळा पानांचा फर्मा लावतात तो याच हिशेबाने.

चार पानं एका बाजूला घेण्याचा मोह मात्र आवरा. अक्षर निम्म्यावर, सहा पॉइंटवर येतं, आणि आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, उकार हे आधी बुजतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ‘१’ कुठला आणि ‘९’ कुठला हेही कळेनासं होतं. जमिनीच्या गट क्रमांकात हा घोटाळा झाला, तर माणसाला पुन्हा तालुक्याला खेटे घालावे लागतात.

तेव्हा वाचायच्या, वाटायच्या प्रती खुशाल दोन-दोन पानांच्या काढा. दाव्याला जोडायचे कागद पूर्ण आकारात ठेवा. ठराव ज्यांच्या सह्यांनी होतो, त्या म्हाताऱ्या माणसांना तो स्वतः वाचता आला पाहिजे. तिथे एक कागद जास्त गेला तरी जाऊ द्या. आणि हद्दीचा नकाशा ए-थ्रीवरच घ्या, म्हणजे जंगलाचे कक्ष क्रमांक आणि नाल्यांची नावं स्पष्ट दिसतील.