विजेवांचून तालयंत्र

अवसरी बुद्रुकसारख्या गांवीं भजन रंगांत यावें आणि वीज जाऊन तालयंत्र मुकें व्हावें. पखवाजवाले बुवा तेव्हां गालांत हंसतात! उपाय बॅटरीचा. नऊ व्होल्टच्या यंत्रास दीड व्होल्टचे साधे सहा सेल पुरतात. परंतु पुन्हां भारतां येणारे सेल बहुधा १.२ व्होल्टचे. सहांचे ७.२ होतात, आणि आंतील पांच व्होल्टच्या जुन्या धाटणीच्या नियामकास सुमारें सात लागतात. म्हणून आठ घ्यावे. धन-ऋण आधीं तपासावें. पुष्कळ वाद्ययंत्रांच्या खोबणींत मध्य ऋण असतो. या चुकीनें माझें एक यंत्र जळालें. खोबणींत तिसरें टोंक असल्यास सेलांची तार त्यावरून न्यावी, म्हणजे बाहेरची वीज लावतांच सेल आपोआप सुटतात. एरव्हीं साध्या सेलांत वीज उलट शिरून ते पेटींतच फुटूं शकतात.