साखरेच्या शेतातील उपाशी पाहुणा



पिंपरी-चिंचवडच्या मंडपात बसून आम्ही किड्यांच्या न्याहारीची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. कारण एवढेच, की कारखान्यांच्या भिंतींपलीकडे, चाकणच्या बाजूला आणि पवनेच्या काठी, अजून ऊस उभा आहे आणि त्याला खोडकिडाही लागतोच.

या किडीवर ट्रायकोग्रामा नावाचा परोपजीवी कीटक सोडतात. गांधीलमाशीच्या दूरच्या गोतातला हा जीव जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. त्याची मादी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. मग त्यातून अळी निघत नाही, निघते ती हिचीच प्रजा. तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर ही जात वाढवून ती अंडी कागदावर चिकटवतात. सुमारे २०,००० अंड्यांचे हे ट्रायकोकार्ड शेतकरी आणतो, त्याचे तुकडे उसाच्या पानामागे टाचतो आणि निश्चिंत होतो.

आमचे म्हणणे येथून सुरू होते. पाहुणा बोलावला खरा, पण त्याच्या जेवणाचे काय? बाहेर पडलेल्या मादीला हिंडायला, अंडी हुडकायला साखर लागते. नुसत्या पाण्यावर ती दोन-चार दिवसांत संपते. मध चाटायला मिळाला तर कितीतरी अधिक जगते आणि अधिक अंडी घालते, असे प्रयोगशाळांत वारंवार दिसले आहे. आणि ऊस? रस कांड्यात बंद. तुरा येतो तोही वाऱ्याच्या भरवशावर. त्यात मकरंद नाही. साखरेच्या शेतात ही बिचारी उपाशी! माव्याचा चिकटा तिला चालतो, पण म्हणून मावा पडावा अशी इच्छा कोण धरील?

तिचे तोंड आखूड. खोल नळीच्या फुलात ते पोचत नाही. उघड्या, बारीक फुलांचा मकरंद मात्र हाती लागतो. कोथिंबीर, बडीशेप, गाजर यांची छत्रीसारखी फुले अशीच. चवळी तर याहून उदार. तिच्या फुलांच्या दांड्यावर, फुलाबाहेरच, मकरंदाच्या ग्रंथी असतात. एरंडाच्या देठावरही असतात. मुंग्या तेथे आधी हजर होतात, हे खरे.

आणखी एक अडचण लपवू नये. ही खाणावळ सर्वांना खुली असते. किडीचे पतंगही तेथे पितात. अमेरिकेत मकरंदग्रंथी नसलेला कापूस पैदा केला, तेव्हा त्यावर बोंडअळी कमी झाली, पण मित्रकीटकही घटले. तेव्हा फूल पाहून निवडावे.

सुरू उसाच्या कोवळ्या महिन्यांत, ऐन उन्हाळ्यात, खोडकिडा जोर धरतो आणि तेव्हाच बांध कोरडे पडतात. उरलेसुरले हिरवे आम्ही तण म्हणून जाळतो. मात्र लवकर लावलेल्या उसात कोथिंबीर आंतरपीक म्हणून पुष्कळजण पेरतात. तिला फुले आली की बाजारात कोणी हात लावीत नाही, म्हणून ती उपटून टाकतात. बांधालगतच्या दोन ओळी तेवढ्या राहू द्याव्यात, आणि त्या फुलोऱ्यात असताना औषधाचा पंप घरीच ठेवावा.