पिशवी कोणाची?



आपल्या बीड जिल्ह्यात 'पिशवी काढली' म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. २०१९ साली शासनाच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडू नये, हे त्याचे एक कारण.

आज आम्हांस या प्रश्नाची दुसरी बाजू मांडावयाची आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असे सांगितले गेले. अत्याचारातून गर्भ राहील, ही भीतीही होतीच. परंतु गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. त्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो.

२००९ साली चंडीगडच्या एका मतिमंद तरुणीचा गर्भपात तिच्या संमतीवाचून करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमानेही संमतीवाचून कोणा अपंगास वंध्य करता येत नाही.

कायदा झाला, घर मागेच राहिले. आंधळ्या मुलाचे लग्न आपण लावतो, कारण त्याला सांभाळणारी हवी. आंधळ्या मुलीचे लावीत नाही, कारण तिला कोण सांभाळणार? त्या दोघांना स्वतःला काय हवे, हे विचारण्याचे मात्र आपणांस सुचत नाही. भूक, झोप यांप्रमाणे स्पर्शाची ओढही देहाबरोबरच येते. डोळा वा पाय अधू झाला म्हणून ती अधू होत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करावे: विचारावे, आणि उत्तर ऐकून घ्यावे.